चौपट

१

माधवराव सोवनी गेले ते मांडीवर औषधाची पेटी आणि मुठीत तिचं कुलूप घेऊन. छातीत कळ आली की जिभेखाली धरायच्या गोळ्या त्या पेटीत होत्या, आणि पेटी बंद होती. किल्ली हरवली असती तर लोकांनी हळहळून विषय सोडला असता. पण या कुलपाला किल्लीच नव्हती. पितळेच्या आठ चकत्या, प्रत्येकीवर शून्यापासून नवापर्यंत अंक; आठही चकत्या ठरलेल्या आकड्यावर आल्या की कडी सुटायची. जन्मभर आकड्यांशी खेळलेल्या माणसाला ऐन वेळी स्वतःचाच आकडा लागला नाही, ही गोष्ट गोरखीच्या जुन्या वाड्यामागच्या बोळात कुणाच्याच गळी उतरेना.

"लागला नाही काय म्हणता? लागू दिला नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुम्ही तीस वर्षं पलटणीच्या कोठीचे हिशेब तपासलेत, जयसिंहराव. आता आमच्या घरचा तपासा."

अनसूयाबाई माधवरावांच्या धाकट्या बहीण. वैधव्य आल्यापासून भावाच्या घरी, आणि भावाची बायको गेल्यापासून घरच्या मालकीण. जयसिंहराव काटकर माधवरावांचे जिवलग. पेन्शन लागल्यापासून रोज संध्याकाळी किला गेटहून टांगा करून ते या ओटीवर यायचे, माधवरावांच्या तोंडून आकड्यांच्या गमती ऐकायचे आणि घरी जाऊन त्या स्वतःच्या म्हणून सांगायचे. माणूस समोर आला की त्याला मनातल्या मनात जमेला धरायचा की नावे टाकायचा, ही त्यांची जुनी खोड. अनसूयाबाईंना ते वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंना थोडंथोडं मांडत आले होते.

त्यांच्यापुढं कापडात बांधलेलं कुलूप ठेवलं गेलं. नई सडकेवरच्या कुलूपवाल्यानं कडी कापून त्याचं पोट फोडलं होतं, पण चकत्या होत्या तशाच राहू दिल्या होत्या. जयसिंहरावांनी चष्मा पुसला. वर दिसणारा आकडा होता २१९९९९७८. मग त्यांनी आतल्या खाचा एकेक करून पाहिल्या. ज्या आकड्याला कडी सुटली असती तो आतला आकडा निराळाच होता: ८७९९९९१२.

"आतला आकडा बदलता येतो ना?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"येतो. कुलूप उघडं असताना बारीक टोकदार काहीतरी खुपसायचं. सुई, काटा, केसांतला आकडा."

"झालं तर मग. या घरात केसांत आकडे खोचणारी एकच आहे, आमची सून. माझ्या डोक्यावर न्हाव्यानं आकडा खोचण्यापुरतंही ठेवलेलं नाही." त्यांनी आलवणाचा पदर पुढं ओढला. "आणि हे बघा."

चकत्यांच्या फटींत पांढरं काहीतरी सुकून बसलं होतं.

"उडदाचं पीठ. त्या दुपारी मी कीर्तनाला गेले होते, दादाचा गोविंदा छापखान्यात. गच्चीवर पापड लाटत होती ही एकटी. आम्हांला म्हणाली, मी खाली आले तेव्हा मामंजी गेलेलेच होते. मग कुलपाला पीठ लावायला कोण, माझा मेलेला नवरा आला होता?"

माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"तेरावा झाला की गोविंदा तिला पैठणला माहेरी सोडून येणार," अनसूयाबाई आवाज मुळीच न उतरवता म्हणाल्या. "ती कायमचीच. मी कोतवालीत जायचं की घराची लाज म्हणून गप्प बसायचं, एवढं तुम्ही सांगा."

२

गोविंदाची बायको दुर्गा उंबऱ्याशी उभी राहिली. या घरात आल्यापासून जयसिंहरावांनी तिचा आवाज फार तर पाच-सहा वेळा ऐकला असेल, आणि तोही चहात साखर किती, एवढ्यापुरता.

"सूनबाई, पापडाचं पीठ घट्ट भिजवतात. ते वाऱ्यानं उडून कुलपात जात नाही."

तिनं कुलपाकडं बघितलं. मग म्हणाली, "मी खोटं बोलले, काका. मी आले तेव्हा मामंजी होते."

"मग?"

"कुलूप फिरवत होते. बोटं थरथरत होती. मला बघितलं आणि मुठीतलं कुलूप माझ्याकडं केलं. मी आकडा लावला. नाही उघडलं. चकत्या विस्कटून पुन्हा लावला. ते माझ्या बोटांकडं बघत होते. मग पुन्हा लावला, तेव्हा..." तिनं पदर तोंडाशी धरला. "तेव्हा ते बघत नव्हते."

"आकडा त्यांनी सांगितला तुला?"

"सांगायला श्वास कुठं होता?"

"मग तुला कसा ठाऊक?"

या प्रश्नावर अनसूयाबाई आतून पुढं सरकल्या. जयसिंहरावांनी त्यांना हातानंच थोपवलं.

"आधीचे दोन दिवस ते झोपाळ्यावर तेच गुणगुणत होते," दुर्गा म्हणाली. "आत्याबाईंना वाटलं, नवा अभंग आहे." आणि खाली मान घालून, पोरींनी उखाणा घ्यावा तसं तिनं म्हटलं:

"वसु आले, मुनी आले, नंद-ग्रह, नंद-ग्रह;
चंद्र आला मागाहून, नेत्र मिटून बसला."

"यात आकडा कुठं आहे, बाई?" अनसूयाबाईंना राहवेना.

"आकडाच आहे, आत्याबाई. वसु आठ असतात, मुनी सात. नंद नऊ, ग्रह नऊ. चंद्र एक, नेत्र दोन. माझे वडील पंचांग करतात. आमच्याकडं मोठे आकडे असेच बोलून पाठ करतात, चुकू नयेत म्हणून." ती पहिल्यांदाच जयसिंहरावांकडं सरळ बघत होती. "मला बरोबर कळला होता तो, काका. घाईत माझ्याच हातून एखादं घर पुढंमागं झालं असणार. आत्याबाई म्हणतात, मी आकडा बदलला. ते खोटं आहे. पण मामंजी माझ्याच हातांत गेले, हे खरं आहे. गोविंदरावांना कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

जयसिंहराव ते शब्द पुटपुटले. वसु, मुनी, नंद, ग्रह. हे शब्द याच क्रमानं त्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी ऐकले होते, आणि ते माधवरावांच्या तोंडून नव्हते. कुणाच्या तोंडून, ते त्यांना आठवलं. त्यांनी घाईनं पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं आणि चहा न घेताच ते बाहेर पडले.

३

घरी त्यांनी पाटी घेतली. कागदावर मांडलेलं उरतं. पाटीवरचं पुसता येतं, आणि आज त्यांना पुसता येईल अशीच जागा हवी होती.

वर लिहिला आतला आकडा, खाली वरचा.

८७९९९९१२
२१९९९९७८

एकच आकडा दोन दारांनी आत आल्यासारखा. एक सरळ, एक उलटा. कुणी कुलूप उलटं धरून आकडा बसवला असेल? पण उलट्या कुलपात अंकही डोक्यावर उभे राहतात. ते कुणाच्याही ध्यानात येईल.

मग हिशेबनिसाची सवय म्हणून त्यांनी खालचा आकडा जवळच्या पूर्ण रकमेशी ताडून बघितला. दोन कोटी वीस लाखांना फक्त बावीस कमी. गंमत वाटून त्यांनी तो चारानं गुणला. आठ कोटी ऐंशी लाखांना अठ्ठ्याऐंशी कमी. म्हणजे किती? त्यांनी मांडलं, आणि हातातली पेन्सिल थांबली. ८७९९९९१२. चारानं गुणलं की आकडा जागच्या जागी वळून उभा राहत होता.

अगदी माधवरावांचाच आकडा. असला आकडा सापडला की तो माणूस दिवसभर जेवायचा विसरायचा.

आता हिशेब असा: आठ चकत्यांवर आकडे होतात दहा कोटी. कुणाला माधवरावांचा घात करायचा असता, तर त्यातला कुठलाही लावून मोकळा झाला असता. नेमका त्यांच्याच आकड्याचा उलटा कोण शोधत बसेल? हा घात नव्हता, ही चूक होती. आणि ती अशा माणसाची, ज्याला आकडा अंकांत दिसला नव्हता, शब्दांत मिळाला होता. दुर्गेला तेच शब्द ऐकून २१९९९९७८ दिसला. दुसऱ्या कुणाला तरी ८७९९९९१२. मग बरोबर कोण?

त्यासाठी त्यांना कुठंच जावं लागलं नाही. पंचांगवाल्यांची लेक चुकीची, की पलटणीचा हिशेबनीस? पाटीवर थुंकी लावून त्यांनी सगळं पुसलं. पुसलेलं तरीही दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गोरखीमागं गेले, ते थेट अनसूयाबाईंकडं.

"पेटी उघडल्यावर गोळ्यांशिवाय एक चांदीची डबी निघाली. कसली?"

"असेल कसली तरी."

"तपकिरीची. औषधाला कुलूप लावायचं कारण मला आजवर कळलं नव्हतं. माधवराव म्हणायचे, माझा आकडा मला झोपेतसुद्धा येतो, मग भीती कसली. पण चोरी होत असल्याशिवाय कुलूप कोण लावतं?"

"घरात चोर असायला आम्ही काय सराफ आहोत?" अनसूयाबाईंनी पदर सावरला. त्याबरोबर जयसिंहरावांना शिंक आली. एक, मग दुसरी. तांबड्या आलवणावर तपकिरीचा डाग दिसत नाही. वास मात्र लपत नाही.

अनसूयाबाई बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"चिमूटभर घ्यायचे हो. विधवा बाईला दुसरं असतं काय? कुलपाचा पहिला आकडा दादाच्या जन्माची तारीख आणि साल होतं. त्यात न कळण्यासारखं काय होतं?"

"आणि मग आकडा बदलला."

"दादा जायच्या आदल्या रात्री उघडेना. मी समजले, दादाला कळलं. तो काही बोलला नाही, मीही नाही."

"त्यांचे हात थरथरायचे. आत काटा घालून आकडा बसवणं त्यांना जमलं नसतं. त्या दिवशी घरी कोण आलं होतं?"

अनसूयाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. "मधू. पण ते सांगितलं असतं, तर आकडा का बदलला तेही सांगावं लागलं असतं."

आणि तेवढ्यासाठी त्यांनी सून पैठणला पाठवायची तयारी केली होती. जयसिंहरावांना त्यांच्यावर रागावता आलं असतं. पण रागावायलाही माणसाची स्वतःची बाजू थोडी जमेला असावी लागते.

४

मधुसूदन माधवरावांचा आवडता विद्यार्थी. जन्म याच गावातला, लष्करचा; घरी मराठी, गल्लीत हिंदी, कॉलेजात इंग्रजी, आणि घाबरला की तिन्हींची खिचडी. नई सडकेवर एका अत्तरवाल्याच्या माडीवर तो खोली घेऊन राहायचा. गुरुजी गेल्यापासून तो सोवन्यांच्या घराकडं फिरकला नव्हता.

"काका, आप? या ना." त्यानं खाटेवरची पुस्तकं बाजूला केली. "येणारच होतो मी. पण घरात इतकं काय काय चाललंय, वहिनींनी म्हणे आकडा बदलला..."

"तू बसवल्यावर बदलला?"

मधूचा चेहरा उतरला. "गुरुजींनी शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. आत्याबाईंना कळू नये म्हणून."

"मला सांग. काय काय झालं, सगळं."

"गुरुजींनी ती ओळ ऐकवली. म्हणाले, घरी जाऊन यातून आकडा काढ. ताळा बघ. मग चौपट कर. बरोबर असला तर उद्या येऊन कुलपात बसव. मी कंपासातल्या काट्यानं बसवला. मैंने सही लगाया था, काका! नंतर कुणीतरी बदलला असणार."

"ताळा बघितलास?"

"नऊचा, अकराचा, दोन्ही. जुळले."

"आणि चौपट केलास?"

"हो. बसवताना गुरुजींनी विचारलंसुद्धा, 'मधू, चौपट केलास ना?' मी म्हटलं, हो गुरुजी, केला. खूश होऊन हसले."

जयसिंहराव त्याच्याकडं रोखून बघू लागले. पोरगा खोटं बोलत होता, यात शंका नव्हती. खोटं बोलणाऱ्याला बेरीज विचारावी, हा त्यांचा जुना उपाय.

"किती आले?"

"कितने क्या?"

"चौपट करून किती आले?"

मधूला प्रश्नच कळला नाही. "किती म्हणजे? चौपट म्हणजे चौपट, काका. त्या कागदाच्या चिंध्या केल्या आणि चुलीत घातल्या. आकडा कुणाच्या हाती लागू नये म्हणून. पूरा चौपट."

खाली अत्तरवाला कुणाशी तरी भाव करत होता. जयसिंहराव खाटेवर बसले. पोरगा खोटं बोलत नव्हता. लष्करच्या बाजारातल्या हिंदीत दुकान बुडालं की चौपट होतं, पीक गेलं की चौपट होतं, पोरगं बिघडलं की चौपट होतं. आणि तरुणपणी दक्षिणेतून आलेल्या, आयुष्यभर या बाजारात राहूनही त्याची भाषा कानाबाहेर ठेवलेल्या माधवरावांच्या तोंडी चौपट म्हणजे...

"चारपट, मधू. चारानं गुणायला सांगितलं होतं त्यांनी."

"चारगुना?"

"त्यांचा आकडा चारपट केला की उलटा होतो. तुझा केला असतास तर पस्तीस कोटींवर गेला असता. नऊ अंक, आणि कुलपाला चकत्या आठ. चूक तिथंच उघडी पडली असती."

मधू भिंतीला टेकला. कोपऱ्यातल्या चुलीकडं बघत म्हणाला, "म्हणजे मी उलटा बसवला? पण ताळा तर जुळला होता ना?"

"आकडा समोरून वाच की मागून, अंकांची बेरीज तीच. म्हणून नऊचा ताळा जुळतो. अकराच्या ताळ्यात एक अंक मिळवायचा, एक वजा करायचा. उलटं केलं तरी शून्य ते शून्यच. हे दोन्ही ताळे दिशेला आंधळे आहेत." हे बोलताना जयसिंहरावांचा आवाज खाली खाली गेला.

"पण काका," मधू सावकाश म्हणाला, "नऊ आणि अकरा जुळले की डोळे मिटून सही ठोकावी, हे मला आपणच सांगितलं होतं. किला गेटवर, टांग्यापाशी. वसु म्हणजे किती, मुनी म्हणजे किती, तेही आपणच. गुरुजींना विचारायची लाज वाटली म्हणून मी आपल्याकडं आलो होतो." तो थांबला. "मी विचारलं होतं, काका. पढ़ना किधर से? आपण म्हणालात, सरळ. आकडा म्हणजे आकडा."

५

तेराव्याची पानं उठली होती. ओटीवर गोविंदा भिंतीशी बसला होता, अनसूयाबाई आत दाराशी, दुर्गा त्यांच्या मागं. तिची पेटी बांधून जिन्याखाली ठेवलेली जयसिंहरावांनी येतानाच पाहिली होती. मधू खांबापाशी उभा होता. काल माडीवरून उतरताना त्यानं त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "काका, मी सांगतो सगळ्यांना. चूक माझीच. आपलं नाव कशाला?" आणि जयसिंहरावांनी त्याला नको म्हटलं नव्हतं.

त्यांनी फोडलेलं कुलूप मध्ये ठेवलं.

"आकडा बदलला तो माधवरावांनीच बदलवून घेतला. का, ते अनसूयाबाईंना ठाऊक आहे. त्यांना वाटलं तर सांगतील. हात थरथरायचे म्हणून बसवायला दिला मधूकडं, शब्दांत घालून. शब्दांतला आकडा शेवटाकडून वाचायचा असतो. पहिला शब्द एकंचं घर, दुसरा दहंचं. असे अंक उजवीकडून डावीकडं चालतात. पंचांगाच्या घरात हे लहानपणीच कळतं. म्हणून सूनबाईंनी लावलेला आकडा हा बघा, अजून चकत्यांवर तसाच आहे. माधवरावांनी मनात धरलेला, तंतोतंत. आकडा बदलणारी बाई बदललेलाच लावते, नाहीतर कुलपाला हातच लावत नाही. बरोबर आकडा पुन्हापुन्हा लावणाऱ्या बाईला जीव वाचवायचा असतो."

दुर्गा दारातून एक पाऊल पुढं आली.

"म्हणजे माझ्या हातून चुकलं नव्हतं?"

"एकही घर चुकलं नव्हतं, सूनबाई."

ती मटकन खाली बसली. इतके दिवस सासऱ्यासाठी सगळ्यांबरोबर रडली होती. आता स्वतःसाठी रडू लागली, आणि त्याचा आवाज निराळा होता. गोविंदा उठला, तिच्याकडं जायला निघाला, मध्येच मधूकडं वळला.

"म्हणजे यानं उलटा बसवला?"

"हो, दादा," मधू म्हणाला. "गलती मेरी थी."

"तुला वाचता येत नव्हतं तर विचारायचं नाही? माझे वडील गेले, आणि तू माडीवर लपून बसलास? माझ्या बायकोला लोक काय काय म्हणत होते, ते ऐकत?" गोविंदानं त्याची कॉलर धरली.

जयसिंहरावांनी हिशेब मांडून पाहिला. इथं थांबलं तर सगळी बेरीज जुळत होती. दुर्गा सुटली होती. अनसूयाबाईंची तपकीर डबीतच राहणार होती. मधू तरुण होता. चार लोक चार दिवस बोलतील, मग विसरतील. तीस वर्षांत एकदाही बेरीज न चुकलेला माणूस तसाच राहणार होता. नवाचा ताळा जुळत होता. अकराचाही.

"सोड त्याला, गोविंदा," ते म्हणाले. "त्यानं विचारलं होतं."

"कुणाला?"

"मला. शब्दांचे अंक मी सांगितले. ते तुझ्या वडिलांकडून ऐकून ऐकून पाठ झाले होते. कुठून वाचायचं, तेही त्यानं विचारलं. मी म्हणालो, सरळ. ताळे जुळले की पुढं काही बघू नको, असंही मीच म्हणालो. ते उरलेलं एक बघणं तेवढं त्याच्या गुरुजींनी सांगितलं होतं, चौपट कर म्हणून, आणि पोराला तो शब्द बाजारातला वाटला. त्यानं कागद जाळला. पण चुकीचा आकडा त्या कागदावर आला तो माझ्या तोंडून."

गोविंदाचा हात कॉलरवरून सुटला. कुणीतरी आता आपल्यावर ओरडावं, असं जयसिंहरावांना फार वाटत होतं. ओटीवरचे लोक आपापल्या पायांकडं बघत होते. आतून अनसूयाबाईंचा आवाज आला, कधी नव्हे इतका बारीक:

"दादाची तपकीर मी चोरायचे रे, गोविंदा. म्हणून बदलला त्यानं आकडा." आणि मग, कुणाकडंही न बघता, "सूनबाईची पेटी वर नेऊन ठेवा कुणीतरी. जिन्यात पायात येते."

गोविंदानं स्वतःच पेटी उचलली.

थोड्या वेळानं जयसिंहरावांसाठी चहा आला. तो घेऊन दुर्गा आली. डोळे सुजलेले होते, पण हात स्थिर होता. तिनं कपबशी ठेवली आणि ती गेली नाही.

"काका, एक विचारू? कुठून वाचायचं ते तुम्हांला ठाऊक होतं, आणि सांगताना चुकलात?"

"नाही, सूनबाई. ठाऊकच नव्हतं."

"मामंजी इथंच तर बसायचे. त्यांना विचारायचं होतं."

"इतकी वर्षं मान हलवत ऐकलं. मग विचारायचं कसं?"

दुर्गेनं मान डोलावली, जशी ती साखर किती हे ऐकून डोलवायची. "मग मधूला नुसतं 'माहीत नाही' म्हणायचं होतं, काका. एवढ्यानंसुद्धा झालं असतं. तो मामंजींना विचारायला आला असता."

ती आत गेली. तिच्या बोलण्यात राग कुठंच नव्हता. असता तर तो त्यांनी नीट मोजून घेतला असता.

चहा गार झाला. जयसिंहराव उठले, पागोटं हातातच घेऊन बोळात उतरले. गोरखीच्या कोपऱ्यावर टांगे उभे होते, पण ते चालतच निघाले. काही वेळानं मागून पावलं आली. मधू होता. तो बरोबरीनं चालू लागला. किला गेटचा रस्ता लागला.

"काका," शेवटी मधू म्हणाला, "हे जे झालं... आता आपण दोघांनी याचं काय करायचं? कैसे जिएँ इसके साथ?"

तोंडात उत्तर तयार होतं. नेहमीच असायचं, वजनदार, ताळा जुळलेलं, सही ठोकावी असं. जयसिंहरावांनी ते गिळलं.

"माहीत नाही, बाळा," ते म्हणाले.